शहाणा पेशंट



वृद्ध रुग्णांवरच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त मेट्रनला दिलंत, या धाडसाबद्दल समितीचे आभार. विषय तुम्हीच ठरवून दिला आहे: रुग्णालयात आलेली म्हातारी माणसं आपल्या म्हातारपणाशी कसं जुळवून घेतात. मी तो जरा उलटा धरणार आहे, कारण माझ्या मते या प्रश्नात रुग्णांआधी आपली उलटतपासणी व्हायला हवी.

वॉर्डात आपण शहाणा पेशंट कुणाला म्हणतो, आठवा. जो बेल वाजवत नाही. ताटात येईल ते खातो, नाहीतर तसंच ठेवतो, पण कुरकुर करत नाही. डायपर बांधला तर बांधून घेतो. डॉक्टर कधी येणार, हे विचारत नाही. रात्रपाळीची सिस्टर सकाळी ओव्हर देताना म्हणते, ‘बारा नंबरच्या आजींचं काही नाही, शांत आहेत.’ आणि सोळा नंबरचे आजोबा? ते पहाटे चारला उठून धोतर मागतात, कॉटचा कठडा पाडायला बघतात, गोळी कशाची ते कळल्याशिवाय गिळत नाहीत आणि बेडपॅन दिसला की शिव्या देतात. त्यांच्या नावापुढे ‘हट्टी’ लागतं. मुलगा ओशाळून म्हणतो, ‘सिस्टर, बाबा असे नव्हते हो.’

माझं म्हणणं असं की म्हातारपणाशी जुळवून घेण्याची खटपट बऱ्याचदा हा सोळा नंबरच करत असतो. बारा नंबरने ती सोडून दिलेली असू शकते. आणि केसपेपरवर आपण नेमकं उलटं लिहितो.

आधी बारा नंबरचं बघू. म्हातारा रुग्ण अचानक गप्प झाला तर ते वयामुळे आहे असं समजणं सोयीचं असतं. पण लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, झोपेची गोळी, शरीरातलं पाणी कमी होणं, यांतल्या कशानेही मेंदू दोन दिवसांत गोंधळतो. या डिलिरियमचा आरडाओरडा करणारा प्रकार आपण लगेच ओळखतो, कारण तो सलाईन उपटतो. दुसरा प्रकार अंथरुणात निपचित पडून असतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. तो निसटतो. अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली यासाठी एक छोटी तपासपद्धत तयार केली. हा बदल अचानक झाला का, दिवसभरात कमी-जास्त होतो का, लक्ष टिकतं का, बोलणं विस्कळीत आहे का, जाग नेहमीसारखी आहे का, एवढंच त्यात पाहायचं असतं. यंत्र लागत नाही. मात्र कालच्या आजी कशा होत्या हे ठाऊक असलेलं माणूस लागतं, आणि ते बहुतेक वेळा वॉर्डातली मावशी असते. तिला आपण राउंडला बोलावत नाही.

गप्प असण्याचं दुसरं कारण खिन्नता. वृद्धांमधलं नैराश्य मोजण्यासाठी जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तीस प्रश्नांची एक प्रश्नावली केली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. पुढे पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. त्यांनी एक हुशारी केली: झोप लागत नाही, अंग दुखतं, भूक नाही, असले शारीरिक प्रश्न मुद्दाम वगळले, कारण म्हातारपणी ही लक्षणं खिन्न नसलेल्यांनाही असतात. आपल्याकडे उलटं चालतं. आजी म्हणतात, ‘झोप नाही, जेवण जात नाही.’ आपण झोपेची गोळी देतो, टॉनिक लिहून देतो, आणि त्यांना आता कशात रस वाटतो का, हे विचारायचं राहून जातं. ‘चालतं-बोलतं असताना उचल रे देवा’ हे तर आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं की त्यातलं कुठलं नुसतं बोलणं आणि कुठलं खरंच जगणं नको झाल्याचं, हे ओळखायला शेजारी बसावं लागतं.

आता सोळा नंबर. हे आजोबा भांडतात ते कशासाठी? म्हातारपणाशी घाऊक जुळवून कुणीच घेत नाही. तो व्यवहार किरकोळीत चालतो. मोरीपर्यंत कुणाचा हात न धरता जाणं. नाडीची गाठ स्वतः मारणं. दाढी. सही. प्रत्येक गोष्टीवर वेगळी घासाघीस: ही सोडीन, ती सोडणार नाही. सिडनी कॅट्झ हे डॉक्टर क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर काम करत होते. १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गोष्टींची यादी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि हाताने जेवणं. आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगीही ती घोकते. पण परीक्षेत न विचारला जाणारा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. या क्षमता साधारण एका क्रमाने जातात, अंघोळ आधी, जेवण शेवटी. आणि बऱ्या होणाऱ्या माणसात त्या उलट क्रमाने परत येतात. लहान मूल मोठं होताना असाच क्रम दिसतो, हेही कॅट्झ यांनी नोंदवलं होतं.

म्हणजे ‘म्हातारपण हे दुसरं बालपण’ ही म्हण खरी ठरली, असं कुणी म्हणेल. क्रमापुरती ठरली असेल. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ज्या बाईला आपण ‘बाळा, आ कर’ म्हणत भरवतो, तिने आयुष्यभर पंगती वाढल्या आहेत. चमच्यातून सांडलेल्या वरणाची लाज लहान मुलाला नसते, तिला असते. ती तोंड घट्ट मिटते, तेव्हा तिला भूक नसते असं नाही.

कॅट्झच्या यादीत एक गोष्ट नाही, आणि आपल्या रुग्णांसाठी तीच सगळ्यात मोठी आहे: जमिनीवर बसणं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आपण सांगतो, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, कमोड वापरायचा. आपल्या दृष्टीने ही डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ. पण खेड्यातलं आयुष्य जमिनीलगत चालतं. भाकरी चुलीपुढे बसून थापायची, निवडणं-टिपणं, देवपूजा, पंगत, कीर्तन, शेजारणीबरोबर ओट्यावर टेकणं, नातवंडाला मांडीवर घेणं, सगळं खाली बसून. शौचालयही बैठं. त्या एका ओळीने आपण तिला घराच्या सगळ्या कामांतून आणि गप्पांतून उचलून खुर्चीत ठेवतो. पंगतीत सगळे खाली आणि आजी एकट्या वर, प्लास्टिकच्या खुर्चीत, ताट मांडीवर. मग पुढच्या तपासणीला सून सांगते, ‘जेवत नाहीत नीट.’

अशाच एका बाईंनी मला त्यावरची तोड शिकवली. घरी गेल्यावर त्यांनी मुलाला भिंतीत फळी ठोकायला लावली आणि देव वर घेतले, खुर्चीत बसून हात पोचेल इतक्या उंचीवर. पूजा सुरू राहिली. चूल मात्र त्यांनी सुनेला देऊन टाकली, आणि वर सांगितलं की तसाही त्यांना धुराचा कंटाळाच आला होता. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे त्यांनी ठरवलं. फिजिओथेरपिस्टने त्यांच्यासाठी ठरवलेलं उद्दिष्ट होतं ‘वॉकरने वीस पावलं’. तेही जमलं, पण त्याचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं.

दुसरे एक वारकरी. हृदयाची ताकद कमी झालेली, पाय सुजलेले, दम लागतो म्हणून भरती. आळंदीपासून चालत जाणं बंद, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला: वाखरीपर्यंत एसटीने, तिथून पंढरपूर पायी, वाटेत बसत-उठत. दिवे घाटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. डॉक्टर कुरकुरत का होईना कबूल झाले, आणि लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती कशी बदलायची ते लिहून दिलं.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतले पॉल बाल्टेस आणि त्यांच्या पत्नी मार्ग्रेट बाल्टेस यांनी १९९० साली वार्धक्याबद्दल जो विचार मांडला, तो यापेक्षा फार वेगळा नाही. मोजक्या गोष्टी निवडायच्या, त्यांत जीव ओतायचा, आणि जे कमी पडतं त्याची दुसरीकडून भरपाई करायची. त्यांचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं. ऐंशीच्या घरात ते कमी रचना वाजवत, त्यांचाच जास्त सराव करत, आणि द्रुत भाग येण्याआधी लय थोडी संथ करत, म्हणजे पुढचा भाग आपोआप जलद वाटे. मला रुबिनस्टाइनपेक्षा वाखरीचे आजोबा जवळचे. पण विद्यार्थिनींना शिकवताना दोन्ही सांगावेत. परदेशी नाव ऐकलं की त्या वहीत लिहून घेतात.

असं जुळवून घेण्याला वेळ लागतो, आणि रुग्णालयात तो आपण खाटेवर घालवतो. २००७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या निरोगी, धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. आजार काही नाही, फक्त विश्रांती. दहा दिवसांत पायांचं मांस सुमारे एक किलोने उतरलं. आता आपला रुग्ण घ्या: ताप, उपास, ढासळलेलं प्रथिन, हातात सलाईन, कमरेला कॅथेटर आणि उडी मारल्याशिवाय उतरता येणार नाही इतकी उंच लोखंडी कॉट. सत्तरीपुढच्या रुग्णांच्या २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात सुमारे तिघांतला एक जण घरी जाताना, आजारी पडण्याआधी स्वतः करायचा असं एखादं रोजचं काम हरवून बसला होता. न्यूमोनिया बरा झाला, कार्डावर ‘प्रकृती सुधारली’ असा शेरा आला, आणि मोरीपर्यंत चालत आलेला माणूस उचलून रिक्षात बसवला गेला.

यात आपल्याकडे मायेचाही हातभार असतो. परदेशी रुग्णालयांना हेवा वाटावा अशी आपली एक गोष्ट म्हणजे खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक. तो रात्रभर जागतो, डबा आणतो, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावतो. आणि तोच म्हणतो, ‘आई, तू नुसती पडून राहा, मी आहे ना.’ घास भरवतो, कूस बदलतो, पाणी तोंडाला लावतो. आईचा हात चालत असताना. या मुलाला आपण कुणीच सांगत नाही की घास भरवू नकोस, ताट पुढे सरकव आणि शेजारी बस. सांगितलं तर त्याला वाटतं, सिस्टर कामचुकार आहे. शेजारच्या खाटेवरच्यांनाही तसंच वाटतं, कारण आईला भरवणारा मुलगा सगळ्यांना दिसतो.

डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४ सालच्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात आपले आजोबा सीताराम गावंडे यांच्याबद्दल लिहिलं आहे. विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी, जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. शंभरी आली तरी घोड्यावर बसून शेताची फेरी करण्याचा त्यांचा आग्रह होता. घरच्यांनी तो बंद पाडला नाही. त्यांना लहान चणीचा घोडा घेऊन दिला आणि कुणीतरी कायम बरोबर राहील एवढं पाहिलं. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, हे तर डिस्चार्जचं नियोजन! मात्र गावंडेंनीच पुढे बजावलं आहे की त्या घराला जमीन होती, माणसं होती, आणि आजोबांच्या हातात मालकी होती. तरुण माणसांना संधी मिळाली की ती त्या व्यवस्थेतून बाहेर पडतात, स्वतः त्यांचे वडील पडले तसे. म्हणून एकत्र कुटुंब होतं तेव्हा सगळं छान होतं, या सुरात मी सूर मिसळणार नाही. आपली रंगभूमीही म्हातारपण बहुतेक मुलांच्या उंबरठ्यावरून पाहत आली, ‘नटसम्राट’पासून. मुलं वाईट निघाली म्हणून म्हातारपण वाईट. वॉर्डात मला दिसलेली बहुसंख्य मुलं चांगली होती, दमलेली होती, आणि तरीही सोळा नंबरचे आजोबा चिडलेलेच होते.

चिडण्याचं एक कारण मी मघाशी ओझरतं सांगितलं: सही. राउंडला डॉक्टर खाटेशी उभे राहतात आणि विचारतात, ‘यांचे नातेवाईक कोण?’ मग रुग्णाच्या डोक्यावरून मुलाशी बोलणं होतं. ऑपरेशनचा कागद मुलापुढे जातो. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोस्टात किंवा तलाठी कार्यालयात सह्या केल्या, तो खाटेवर पूर्ण शुद्धीत बसून हे बघतो. हा निव्वळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान, समजण्याच्या स्थितीतल्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची; तिथे आईने दिलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही. रुग्ण चाळिशीतली असो की ऐंशीतली, कायदा तोच. ‘आजोबांना कशाला टेन्शन’ हे कारण कायद्याच्या पुस्तकात नाही. शेवटी ते टेन्शन आजोबांचंच आहे, आणि त्यांना ते बहुधा आधीच कळलेलं असतं.

बायकांबद्दल एक गोष्ट सांगते, ती कुठल्या शोधनिबंधात सापडणार नाही. काही म्हाताऱ्या बाया वॉर्डात खुलतात. चार दिवस कुणीतरी चहा हातात आणून देतं, शेजारच्या खाटेवर बोलायला बाई असते, सकाळी उठून केर काढायचा नसतो. डिस्चार्ज म्हटलं की त्यांचं पुन्हा पोट दुखू लागतं. आपण त्यांना नाटकी म्हणतो. तुमच्यातल्या समाजसेवा विभागाच्या मैत्रिणींनी अशा बाईशी तेव्हा निदान पंधरा मिनिटं बोलावं. घरी तिला काय वाट्याला येतं ते औषधांच्या यादीपेक्षा महत्त्वाचं निघू शकतं.

आता, हे सगळं करायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतो आहे. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि भरलेला वॉर्ड, हे मी उभं आयुष्य पाहिलं. म्हणून दोन दाखले देते. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे शेजारच्या गरीबखान्याच्या दवाखान्यातले दीर्घ आजारी रुग्ण सोपवले गेले. सातशे चौदा. त्यांत बरीचशी म्हातारी माणसं, वर्षानुवर्षं खाटेवर, ‘यांचं काही होणार नाही’ असं ठरलेलं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, वर्गवारी लावली, उठवलं, चालवलं. कित्येक जण घरी गेले. १९४३ साली त्यांनी यावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं आणि वृद्धवैद्यकाचा पाया घातला गेला. त्यातली शेवटची वर्षं युद्धकाळातली होती. तिथेही माणसं काही उतू जात नव्हती.

दुसरा दाखला इनूये यांचाच. १९९९ साली त्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध नवीन नव्हतं. रुग्णाला आज वार कोणता ते सांगत राहायचं, दिवसातून काही वेळा चालवायचं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्यायचं, पाणी पाजायचं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठ चोळणं. यातलं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. नेहमीच्या सेवेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. आपल्याकडे तो स्वयंसेवक खाटेखाली चटईवर झोपलेलाच आहे. आणि चष्मा, कवळी, यंत्र? ते हरवेल म्हणून भरतीच्या दिवशी स्टीलच्या डब्यात घालून घरी पाठवलेलं असतं. मग न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या, दात नसलेल्या माणसाबद्दल आपण लिहितो, ‘प्रतिसाद कमी.’

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे साडेदहा कोटी लोक होते. महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतचं छत्र मिळालं, म्हणजे पूर्वी पैशाअभावी घरीच राहणारे आता खाटेपर्यंत येतील. ते आल्यावर त्यांचं काय करायचं, हे त्या योजनेच्या कार्डावर छापलेलं नाही.

म्हणून या परिषदेच्या ठरावाचा मसुदा मी फार छोटा ठेवला आहे. भरतीच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी: आजारी पडण्याच्या पंधरा दिवस आधी हा माणूस स्वतः काय काय करत होता, आणि त्यातलं काय परत मिळालं नाही तर त्याला सगळ्यात जास्त लागेल. उत्तर त्याच्या तोंडून घ्यावं, मुलाच्या नव्हे. डिस्चार्जच्या दिवशी तीच ओळ पुन्हा वाचावी. लॅसिक्ससारखी लघवीची गोळी रात्री देऊन मग पहाटे उठतो म्हणून कठडे लावण्याची पद्धत थांबावी. प्रत्येक वॉर्डात निदान दोन कॉट बुटक्या असाव्यात. चष्मा आणि कवळी उशाशी राहावी, आणि हरवली तर सिस्टरकडून वसुली होऊ नये, हेही मी मुद्दाम लिहिलं आहे, कारण ती भीती असेपर्यंत डबे घरीच जाणार.

खासगी रुग्णालयांतल्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप कालच माझ्यापर्यंत पोचला: रुग्णाला चालवायचं आणि तो पडला तर केस आमच्यावर. आक्षेप खरा आहे. न चालवल्यामुळे कायमचा खाटेला लागलेल्या रुग्णाची केस मात्र कुणावर होत नाही, एवढंच त्याला माझं उत्तर, आणि ते पुरेसं नाही हे मला ठाऊक आहे. दुपारच्या सत्रात ऑर्थोपेडिकचे डॉक्टर आणि कायद्याचे जाणकार दोघेही आहेत, तिथे या मुद्द्यावर वाद झाला पाहिजे. ठरावाचा मसुदा कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर आहे. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीत नोंदणीच्या टेबलावर द्या, आणि कृपा करून अक्षर वाचता येईल असं लिहा.